सत्तूर, सुरी आणि व्हिसा

मित्रांनो, जरा मागे सरकून बसा. अजून थोडं. हं, आता ठीक.

मी एक जुना सत्तूर आहे. सध्या माझा मुक्काम पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत, एका लोखंडी मांडणीवर आहे. डाव्या अंगाला कोणाची तरी चोरीची सायकल, उजव्या अंगाला फुटलेल्या बाटल्यांचं पोतं. इथे आम्हा सगळ्यांचं आडनाव एकच, मुद्देमाल. मला मळक्या कापडात गुंडाळून वर लाखेचा शिक्का मारला आहे. बोलायला मात्र कोणी बंदी केलेली नाही, म्हणून बोलतो.

माझा जन्म मार खाऊन झाला. त्याआधी मी एका ट्रकचा कमानपाटा होतो आणि खड्ड्यांत आपटून आपटून माझी कंबर मोडली होती. भंगारातून मला एका लोहाराने उचललं. त्याने मला भट्टीत लालबुंद केलं, ऐरणीवर आडवं पाडलं आणि त्याच्या बायकोने घण उचलला. लोहार चिमट्याने मला धरून नुसता, "इथे. अगं इथे. हाण!" करायचा आणि ती हाणायची. माझी पाठ चपटी झाली, पोट रुंद झालं, एका बाजूला धार आली. मग त्यांनी मला एकदम पाण्यात बुडवलं. तेव्हा मी जो किंचाळलो, तसा पुढे कधी किंचाळलो नाही. पुढचं किंचाळणं इतरांच्या वाट्याला आलं.

मला विकत घेणाऱ्या खाटकाला सगळा रस्ता दादा म्हणायचा. त्याचं दुकान कोपऱ्यावर होतं. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, दारावर प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा, वरच्या दांड्याला आकडे, रक्त वाहून जायला जमिनीला उतार. मधोमध लाकडाचा मोठा ठोकळा. दादा पुढे उभा राहायचा, त्याची बायको मागच्या खोलीत बसायची. दादाचा धाकटा भाऊ तिला वहिनी म्हणायचा, म्हणून रस्ताही तिला वहिनीच म्हणायचा. हा धाकटा बकरी सोलायचा, टांगायचा, दुकान धुवायचा आणि दादाच्या शिव्या खायचा. दादा-वहिनीची एक मुलगी होती. तिला सगळे मिरची म्हणत, कारण ती बोलली की झोंबायचं.

आमच्या धंद्यात एक रीत होती. घाव पुरुषाने घालायचा. गिऱ्हाइकांसमोर हाडासकट तुकडे करायचे ते दादाने, माझ्याकडून. आत खाली बसून हाडावरचं मांस सोडवायचं ते वहिनीने. हॉटेलांना बिनहाडाचं मांस लागायचं, ते सगळं तिच्या हातून जायचं. तिच्याकडे तिच्या वडिलांनी दिलेली एक सुरी होती, बारीक, लवचीक, धार लावून लावून झिजलेली. मी त्या सुरीकडे बघतसुद्धा नसे. मी पडलो की रस्त्यापलीकडे आवाज जायचा. ती काम करायची आणि कोणाला पत्ता लागायचा नाही.

कौतुक म्हणाल तर माझं भरपूर झालं. "काय हात आहे दादांचा! एका घावात हाड मोकळं!" हात दादाचा होता, पण मी ते कौतुक निम्मं माझ्याकडे वळवून घ्यायचो. दादाच्या रागाचंही असंच कौतुक व्हायचं. कोणी फार घासाघीस केली की तो मला ठोकळ्यात असा रोवायचा, की मी किती तरी वेळ थरथरत उभा. एकदा बकरी उशिरा आणणाऱ्या टेम्पोवाल्याच्या डोक्यावरून त्याने मला भिरकावलं. मी मागच्या दारात रुतलो. टेम्पोवाला पांढराफटक पडला आणि गिऱ्हाइकं हसायला लागली. "दादा तापट, पण मनाने निर्मळ हो!" असं म्हणत त्यांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. मला दारातून उपसून काढलं ते वहिनीने. तिने मला धुतलं, कोरडं पुसलं आणि हाताला सहज लागणार नाही अशा खिळ्याला टांगलं. दुसऱ्या दिवशी दादाने तो खिळा उपटून टाकला.

त्या काळात रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी परदेशी चाललं होतं. आमच्या धाकट्यालाही वारं लागलं. कोणीतरी त्याला सांगितलं, कामाचा व्हिसा म्हणजे कटकट, परीक्षा, वाट बघणं. फिरायला येतो म्हणून व्हिसा घ्यायचा, विमानातून उतरायचं आणि तिथल्या खाटीकखान्यात कामाला लागायचं. कोण बघतंय?

तो गेला. पहिले काही महिने फोनवर त्याचं तोंड नुसतं चकाकत होतं. मागे मोठमोठे शीतकक्ष दिसायचे, एका रांगेत टांगलेल्या मेंढ्या दिसायच्या. दादा फोन सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवायचा आणि मला नाचवत म्हणायचा, "आम्ही पण निघतोच आहोत. फिरायच्या व्हिसावर. सहकुटुंब!"

"सहकुटुंब फिरायला जाऊन राहायचं कुठे?" वहिनी आतून विचारायची.

"धाकटा आहे ना तिकडे."

"आणि मिरचीची शाळा? फिरायला आलेल्यांच्या पोरीला शाळेत कोण घेतं हो?"

"थोडे दिवस घरी बसेल. मेली तर नाही ना जाणार?"

"घरीच बसवायची तर इथलं घर काय वाईट आहे?"

यावर दादा मला उचलायचा. समोर जे असेल त्याचे तो इतके बारीक तुकडे करायचा, की गिऱ्हाईक म्हणायचं, "दादा, खिमा नव्हता सांगितला."

एके दिवशी फोन यायचा बंद झाला. मग बऱ्याच दिवसांनी भर दुपारी पडद्याच्या पट्ट्या बाजूला करून एक माणूस आत आला. त्याच्या जबड्याला तारा बांधलेल्या होत्या, एक डोळा अर्धा मिटलेला होता आणि पुढचे दात नव्हते. दादाने विचारलं, "काय पाहिजे?" वहिनीने आतूनच त्याच्या चपलांवरून त्याला ओळखलं. ती धावत बाहेर आली आणि म्हणाली, "भावजी!"

त्याने अडखळत्या जिभेने जे सांगितलं ते मी ठोकळ्यावर पडल्या पडल्या ऐकलं. मालकाने पगार द्यायचं बंद केलं होतं. याने मागितला. मालकाने दोन माणसांना शीतकक्षाचं दार लावून घ्यायला सांगितलं आणि मांस टांगायच्या दांड्याने याला झोडपलं. आधी पाठ, मग गुडघे, मग तोंड. टांगलेल्या मेंढ्यांच्या मधून हा रांगत होता आणि ते एकेक मेंढी बाजूला सारत याला शोधत होते, शोधून मारत होते. शेवटी दार उघडून त्यांनी त्याला मागच्या गल्लीत, हाडांच्या डब्यांशेजारी टाकलं.

"पोलिसात नाही गेलास?" दादा ओरडला.

"पोलिसात जाऊन काय सांगू दादा? मी तुमच्या देशात फिरायला आलोय आणि फिरता फिरता मेंढ्या कापत होतो?"

एवढं बोलून तो हसला आणि हसताना तारा ताणल्या गेल्या म्हणून कळवळला. मिरची स्टुलावरून उतरली आणि त्याला पाणी प्यायला नळी घेऊन आली.

मित्रांनो, माराचं मला अप्रूप नाही. पण ज्याला मार खाऊन ओरडायचीसुद्धा सोय नाही, असा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कागदावर एक लिहायचं आणि जगायचं दुसरंच, त्याची ही किंमत. वहिनीने त्या दिवशी ठरवलं. जायचं तर उजळ माथ्याने, नाहीतर इथेच बरं.

आमच्या दुकानात एक व्हिसाचा एजंट यायचा. त्याला चरबी चालत नसे, त्यामुळे त्याचं मांस वहिनीच काढून द्यायची. तिने त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, तसा व्हिसा आहे, कुशल खाटकांसाठी. त्यात मुख्य अर्जदाराबरोबर नवराबायकोपैकी दुसऱ्याला आणि मुलांना नेता येतं, मुलांना शाळा मिळते, दवाखाना मिळतो, मालकाने छळलं तर तक्रार करता येते. फक्त आधी कामाची परीक्षा द्यावी लागते.

"मग घाला नाव," वहिनी म्हणाली.

"घातलंच म्हणून समजा. मुख्य अर्जदार दादा. त्यांच्यावर अवलंबून तुम्ही आणि मुलगी." कापणारा कोण, हे त्याने विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दुकानात पुढे कोण उभं असतं, ते सगळ्यांना दिसत होतं. वहिनीनेही मान डोलावली. तिकडे कोणत्या कापण्याला किंमत आहे हे कोणाच्या मनातच आलं नाही. आमच्यात कापणं म्हणजे मी.

परीक्षेच्या दिवशी दादाने माझी धार अशी लावली, की माझ्यात त्याची मिशी दिसावी. मोठ्या खाटीकखान्याच्या एका थंड खोलीत स्टीलची टेबलं मांडली होती. परीक्षक तिकडून आलेला, जन्मभर हेच काम केलेला एक म्हातारा होता, डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर नसलेला. तो बोलायचा ते एजंट समजावून सांगायचा. काम असं होतं, मेंढीची मांडी आणि खांदा, दोन्हींचं हाड अखंड बाहेर काढायचं.

दादाने बाह्या सरसावल्या आणि मला उचललं. धाड्! धाड्! धाड्! खोलीत आवाज घुमला. इतर उमेदवार वळून बघायला लागले. मी फुलून गेलो. हाड फुटलं, फाटलं, उडालं, एक तुकडा एजंटच्या चष्म्यावर बसला. दादा छाती काढून मागे सरकला.

म्हाताऱ्याने मला दोन बोटांनी धरून, मेलेला उंदीर उचलावा तसं उचललं आणि टेबलाच्या टोकाला ठेवून दिलं. मग त्याने मांसातून हाडाची कुसं एकेक वेचून ताटलीत मांडली. तो रागावला नव्हता. त्याने हळूच काहीतरी विचारलं.

एजंट चष्मा पुसत म्हणाला, "ते विचारताहेत, तुमच्या दुकानात हाडं सोडवायचं काम कोण करतं?"

ॲप्रन धरायला आलेला धाकटा तारांतून म्हणाला, "वहिनी."

"तू गप रे!" दादा त्याच्या अंगावर गेला.

पण म्हाताऱ्याने दाराशी उभ्या असलेल्या वहिनीकडे बघून टेबलाकडे हात केला. तिने पदर खोचला, हात धुतले आणि पिशवीतून सुरी काढली. ती पिशवी ती कुठेही जाताना बरोबर घ्यायची. मी टेबलाच्या टोकावरून बघत होतो. आवाज काही झालाच नाही. सुरी मांसाच्या दोन थरांमधून अशी फिरली, जणू ती वाट आधीपासून तिथे होती. बाहीतून हात काढावा तसं हाड अलगद बाहेर आलं, पांढरं, गुळगुळीत. म्हाताऱ्याने ते उजेडात धरून फिरवलं आणि स्वतःच्या ॲप्रनला हात पुसून तिच्यापुढे केला. तिला कळेना तो काय मागतोय. मग तिने हसून हात मिळवला.

एजंटने तिथेच सांगितलं, "झालं काम. फक्त नावं उलटी होतील. मुख्य अर्जदार वहिनी. दादा, तुम्ही त्यांच्यावर अवलंबून."

बातमी आमच्या आधी रस्त्यावर पोचली. "काय दादा, पदर धरून विमानात चढणार म्हणे!" "दादा, तिकडे भांडी घासायला साबण चांगला मिळतो." "आता कापणार वहिनी, दादा पिशव्या भरणार!" जे लोक त्याच्या रागाला हसायचे, तेच आता त्याला हसत होते. दादा नुसता मला धार लावत बसायचा. लावलेल्या धारेला परत धार.

मग ती दुपार आली. शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. वहिनी आत हात धूत होती, धाकटा आकडे पुसत होता, मिरची स्टुलावर गणितं करत होती.

"मी दुसऱ्या माणसाशी बोललोय," दादा म्हणाला. "फिरायचा व्हिसा. सगळ्यांचा. माझ्या नावाने. त्या एजंटला सांग, तुझा अर्ज रद्द."

"भावजींचं तोंड बघा आणि मग परत बोला," वहिनी म्हणाली.

"मी बायकोवर अवलंबून जाणार नाही!"

"मग नका येऊ. पण माझ्या पोरीला मी लपून जगायला नेणार नाही."

दादाने मला उचललं. पहिला घाव वजनकाट्यावर बसला, काच फुटून चारीकडे उडाली. दुसरा भिंतीवर, फरशी तडकली. तिसऱ्याने आकड्यांचा दांडा एका बाजूने खाली आला आणि त्यावरचं अख्खं बकरं जमिनीवर आपटलं. मिरची किंचाळत स्टुलाखाली शिरली. दादाने वहिनीचे केस धरले, तिला फरफटत ठोकळ्यापर्यंत आणलं आणि तिचा उजवा हात मनगटापाशी दाबून ठोकळ्यावर ठेवला.

"हा हात जाणार काय तिकडे? बघू कसा जातो!"

वहिनीने दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडावर नखं मारली, पायांनी लाथा मारल्या, त्याच्या दंडाला चावली. तो हलला नाही. मी वर गेलो.

मित्रांनो, मी वर असतो तेव्हा मला सगळं दिसतं. ठोकळ्यावरचा तो हात दिसत होता. रोज मला धुणारा, पुसणारा, सांभाळून ठेवणारा. मला थांबायचं होतं. पण थांबणं मला शिकवलेलंच नाही. माझं डोकं जड, माझं सगळं वजन पुढे. मला एकदा सोडलं की मी फक्त खालीच येतो.

मी खाली आलो आणि मध्ये धाकट्याचा हात आला. त्याने तो मुद्दाम घातला. दांड्याखाली डोकं घालून तो आडवा झेपावला आणि वहिनीच्या हातावर त्याने आपला हात पसरला. मी कोपराखाली बसलो, हाडापर्यंत. तारा बांधलेल्या तोंडातून जो आवाज आला त्याला किंचाळणं म्हणता येणार नाही. आतल्या आत काहीतरी फाटलं. रक्ताची चिळकांडी दादाच्या डोळ्यांत गेली. त्या क्षणात वहिनीने हात सोडवला, वजनाचं माप उचललं आणि दादाच्या गुडघ्यावर हाणलं. तो कोसळला. तिने मला उपसलं आणि फरशीवरून दूर, मोरीकडे ढकलून दिलं. मग पदर फाडून धाकट्याचा हात दंडापाशी करकचून बांधला.

"मिरची, बाहेर जा! हाका मार! सगळ्यांना हाका मार!"

रस्ता आत आला तेव्हा कोणी हसत नव्हतं.

तेव्हापासून मी मुद्देमाल आहे. धाकट्याचा हात वाचला, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. दादाला पोलिसांनी नेलं. कोर्टाची तारीख लागली, तशी मला या मांडणीवरून काढून हवालदाराच्या मांडीवर बसवून कोर्टात नेलं. हवालदार माझ्यावर चहाचा कप ठेवून चहा प्यायचा. त्याला म्हणे लाखेच्या शिक्क्यामुळे कप घसरत नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात ते सगळे एका बाकावर होते, वहिनी, मिरची, हात गळ्यात अडकवलेला धाकटा आणि एजंट. तुमच्या लक्षात येतंय का, पेच काय होता? वहिनीचा व्हिसा मंजूर होण्याच्या बेतात होता. पण मिरची लहान. तिला देशाबाहेर न्यायचं तर बापाची संमती हवी, नाहीतर कोर्टाची परवानगी. आणि वेळ निघून चालला होता. तिकडचा मालक किती दिवस जागा रिकामी ठेवणार?

"भावजींना नाही का नेता येणार?" वहिनीने विचारलं.

एजंटने मान हलवली. "त्या देशाच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. दीर बसत नाही."

"ज्याने हात धरला तो बसतो," वहिनी म्हणाली, "आणि ज्याने हात घातला तो बसत नाही."

"नियम आहे, वहिनी."

"वहिनी, मी बसलोय की इथे," धाकटा म्हणाला. "बाकावर. आणखी कुठे बसवता?"

ती हसली, पण डोळे पुसत.

तेवढ्यात पोलिसांनी दादाला आणलं. तो लंगडत होता, दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. वहिनीसमोर तो चक्क खाली बसला. "चुकलो गं," तो म्हणाला. "तक्रार मागे घे. मी पोरीसाठी सही देतो. सगळे जाऊ. तुझ्या नावाने जाऊ. मी राहीन तुझ्यावर अवलंबून, भांडी घासेन, काय म्हणशील ते करेन. घर मोडू नको."

तो रडत होता आणि मला वाटतं, ते रडणं खरं होतं. आजूबाजूच्या बायका हळहळल्या. एजंट हळूच म्हणाला, "वहिनी, हे सगळ्यात लवकर होईल." वहिनीने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिने हात उचललासुद्धा, त्याच्या केसांवर ठेवावा तसा. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेला माणूस होता तो. मला कापडातून तिचा श्वास ऐकू येत होता.

मिरची हवालदाराच्या मांडीकडे, माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "आई, बाबा आले तर तो पण येणार का?"

"कोण गं?"

तिने बोट दाखवलं. "सत्तूर."

वहिनीचा हात मागे आला. ती उठली आणि एजंटला म्हणाली, "अर्जात दोनच नावं राहू द्या. माझं आणि हिचं. परवानगी मी आत जाऊन मागते."

आत न्यायाधीशबाईंनी माझं कापड सोडायला लावलं. दादाचा वकील म्हणाला, हे जुनं, बोथट हत्यार आहे, याने नुसतं धमकावायचं होतं, भाऊ मध्ये आला हा अपघात. न्यायाधीशबाईंनी धाकट्याला विचारलं. सख्ख्या भावाविरुद्ध बोलायला तो उभा राहिला.

"बाई, तिकडे मला मारलं तेव्हा मी कोणाला सांगू शकलो नाही," तो म्हणाला. "इथे सांगू शकतो, म्हणून सांगतो. दादाला वहिनीचा हात तोडायचा होता."

मग वहिनीला विचारलं, "हत्यार ओळखता?"

"ओळखते. याला रोज मीच धुवायचे. आणि हा बोथट नाही."

न्यायाधीशबाईंनी मिरचीला आपल्या खोलीत नेऊन तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी मुलीचा ताबा आईकडे दिला आणि तिला घेऊन परदेशी जायची परवानगी दिली. दादावरचा खटला पुढे चालणार होता, वहिनीची उरलेली साक्ष तिकडून व्हिडिओवर घ्यायची ठरली.

शिपाई मला परत गुंडाळायला लागला. मला टेबलावर ठेवलं तिथे कोणाचा तरी पाण्याचा पेला लवंडला होता. वहिनी दारापर्यंत गेली होती, ती परत फिरली.

"साहेब, बांधायच्या आधी कोरडा पुसा त्याला. ओला बांधलात तर गंजेल, आणि मग म्हणतील बोथटच होता."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पुसा."

त्या दोघी गेल्या. हवालदार आमच्याच दुकानातून मांस घेतो, त्याच्याकडून खबर कळते. दुकान आता धाकटा चालवतो. अधू हाताने सुरी धरायला शिकलाय, बिनहाडाचंच विकतो. मिरचीने तिकडे शाळेत पहिल्याच आठवड्यात एका मुलाला झोंबेल असं काहीतरी सुनावलं, मास्तरांनी आईला बोलावलं, तर वहिनी म्हणे कामाचा ॲप्रन न काढता, मान वर करून शाळेच्या पुढच्या दाराने आत गेली.

मित्रांनो, घर सोडून दूर देशी जाल तेव्हा तिथे काय म्हणून जाताय ते खरं लिहून जा. आणि कुटुंबात कोणाचं नाव घालायचं ते नियमाला विचारा, पण घरातल्या सगळ्यात लहान माणसालाही विचारा. त्याला बरंच दिसलेलं असतं.

आता माझं मागणं. माझ्यासारखं काही तुमच्या घरात असेल, तर ते वापरून झाल्यावर धुवायला सांगा, कोरडं पुसायला सांगा. घरात कोणाचा आवाज चढायला लागला आणि कोणी हसून म्हणालं, "तापट आहे, पण मनाने निर्मळ," तर तुम्ही हसू नका. बाहेर पळा, मोठमोठ्याने हाका मारा आणि आलेल्यांना सांगा, भांडण नंतर ऐका, आधी तो सत्तूर उचला.